हेल्गेची जाळी, सिक्स्टनचं इंजिन

स्टॉकहोम, ४ फेब्रुवारी १९९१

प्रिय सिक्स्टनकाका,

तुझ्याकडे फोन असता तर हे काम पाच मिनिटांत आटपलं असतं. चाळीस वर्षं हार्नोसांडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांचे फोन जोडलेस आणि निवृत्त झालास त्याच दिवशी स्वतःचा काढून टाकलास. असा माणूस अख्ख्या स्वीडनमध्ये एकच असेल. असो, कागदावर लिहिते.

मला तुझी मदत हवी आहे. आम्ही चौघं दोन वर्षं एक्स्चेंजसाठी नवी प्रोग्रामिंग भाषा बनवतोय, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या काळी कॉल म्हणजे कपाटातली फिरणारी चक्रं. आमच्याकडे प्रत्येक कॉलमागे संगणकातली छोटी छोटी कामं असतात. एका वेळी अशी हजारो चालू असतात आणि प्रत्येकाला थोडी मेमरी लागते. कोणी कोणाला फोन केला, कोणते अंक फिरवले, असलं टिपून ठेवायला. कॉल संपला की ते टिपलेलं सगळं कचरा. तो वेळच्या वेळी उचलला नाही तर मेमरी भरते आणि एक्स्चेंज आडवं होतं.

भांडण आहे ते कचरा उचलायचा कसा यावर. आमचा प्रमुख एव्हर्ट म्हणतो, सगळ्यांना मिळून एकच मोठी मेमरी द्या. कुणी काही लिहिलं की बाकीच्यांनी तिथेच जाऊन वाचावं, नकला करत बसायला नको. ऐकायला छान वाटतं. पण झाडू मारायची वेळ आली की हजार कामांना एकदम थांबवावं लागतं, कारण कोणती वस्तू कोण वापरतंय हे तपासल्याशिवाय एक कपटासुद्धा फेकता येत नाही. तेवढा वेळ गावाचे फोन मुके. माझं म्हणणं असं, की प्रत्येक कामाला स्वतःची छोटी खोली द्या. दुसऱ्याला काही कळवायचं तर नक्कल करून पाठवा. ज्याने त्याने आपली खोली झाडावी, शेजाऱ्याला पत्ताही लागू नये. आणि काम संपलं की खोली सामानासकट रिकामी, निवडानिवड नाही.

२४ एप्रिलला वरच्या मजल्यावरच्या मंडळींसमोर प्रात्यक्षिक आहे. ते फसलं तर आमचा गट मोडणार आणि मला माहितीपुस्तिका लिहायला बसवणार. एव्हर्टने हे कॉफीच्या सुट्टीत सेमला पाव खाता खाता सांगितलं, म्हणजे खरंच असणार. तर तू सांग, तुमच्या एक्स्चेंजमध्ये सामाईक काय होतं आणि ज्याचं त्याचं काय होतं?

बाबा क्रामफोर्सला बरे आहेत. तुझ्या गुडघ्याची चौकशी करत होते. आणि बोटघरात तुझ्याकडच्या बाजूला त्यांची जाळी आहेत ती नीट आहेत ना, असं विचारत होते.

तुझी,
इल्वा


नॉर्डिंग्रो, १५ फेब्रुवारी

प्रिय इल्वा,

फोन काढला तो विचार करूनच काढला. चाळीस वर्षांत लोकांचं बोलणं पुष्कळ कानावर पडलं, त्यात दोनदा ऐकावं असं एकही नव्हतं.

हेल्गेने माझ्या गुडघ्याची चौकशी केली हे वाचून मी काठी टेकून उभा राहिलो. जन्मात त्याने माझ्या पायाची चौकशी एकदाच केली होती, आणि तेव्हा तो पाय त्याच्या पायावर पडला होता. म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात, ते खरं दिसतंय.

आता तुझा एव्हर्ट. त्याला आमच्या बोटघरात पाठव. बापाच्या पश्चात ते मला आणि हेल्गेला मिळून आलं. सगळं सामाईक. माझं तुझं काही नाही, भावाभावांत कसली वाटणी, असं तेव्हा गावभर सांगत होतो. पुढचं तू हेल्गेकडून ऐकलं असशील, आता माझ्याकडून ऐक. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या वसंतात त्याला सफाईची लहर आली. तीस एप्रिलला बंदरावर वाल्बोर्यची होळी पेटते, तिच्यात सगळा गाव आपापला पालापाचोळा टाकतो. त्याने माझी होडी टाकली. एकोणपन्नासची, माझ्या हातची. दोन फळ्या बदलल्या की ती पाण्यात जाणार होती आणि त्या मी पुढच्याच उन्हाळ्यात बदलणार होतो. अकरा वर्षं मी पुढच्याच उन्हाळ्यात बदलणार होतो हे मान्य, पण विचार चालू होता ना? मी पोहोचलो तेव्हा तिचा फक्त पुढचा भाग ओळखू येत होता आणि लोक तिच्याभोवती उभं राहून वसंताची गाणी म्हणत होते. मीही म्हटली. मान्यवरांसमोर तमाशा करायची आपल्याकडे पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बोटघराच्या मधोमध खडूने रेघ ओढली. तेव्हापासून ना मी त्याच्या वस्तूला हात लावतो, ना तो माझ्या. त्याची जाळी माझ्या बाजूला राहिली आणि माझं बोटीचं इंजिन त्याच्या बाजूला. बोलणंही तेव्हापासून बंद. बोटघर इतकं भरलंय की बोट आत जात नाही.

तेव्हा एव्हर्टला सांग, सामाईक जागेत दोन प्रकारची माणसं असतात. एक, दुसऱ्याची जिवंत वस्तू कचरा म्हणून जाळणारा. दुसरा, त्यानंतर कचऱ्यालाही हात लावायला घाबरणारा. प्रत्येकाला वेगळी खोली दे, इल्वा. नकलांचा खर्च होऊ दे. भावांपेक्षा नकला स्वस्त पडतात.

तुझा काका,
सिक्स्टन


स्टॉकहोम, ४ मार्च

प्रिय काका,

बोटघराची गोष्ट मी बैठकीत सांगितली. नावं बदलली होती, तरी एव्हर्ट पांढराफटक पडला. त्याचंही मेहुण्याबरोबर सामाईक बोटघर आहे. वेगळ्या खोल्या मंजूर झाल्या. दोन वर्षं मी आकडे मांडून जे पटवू शकले नाही, ते तुझ्या जळक्या होडीने पाऊण तासात पटवलं.

खोल्या झकास चालतात. कुणी झाडतंय म्हणून कुणी थांबत नाही. पण आता नवंच दुखणं निघालंय. चाचणी सुरू केली की चाळीस मिनिटांनी मेमरी भरते. शोधलं, तर संपलेल्या कॉलमधली कामं मेलेलीच नाहीत. प्रत्येक कॉलमध्ये दोन कामं असतात, एक फोन करणाऱ्याचं, एक उचलणाऱ्याचं. मधेच काही बिघडलं आणि निरोप हरवला, की पहिलं दुसऱ्याच्या "संपलं" या शब्दाची वाट बघतं आणि दुसरं पहिल्याच्या. दोघंही बसून राहतात, आपापली खोली अडवून. काम मेलं तर खोली रिकामी करायची तयारी आहे, पण ते मेलंच नाही तर मी कोणत्या तोंडाने रिकामी करू? अशा अडून बसलेल्या जोड्या काल नऊशे मोजल्या. कॉल संपून तास झाला होता.

सात आठवडे उरलेत आणि मला रात्री माहितीपुस्तिका दिसायला लागल्या आहेत. तुमच्याकडे असं झालं की काय करायचात?

बाबांनी सांगायला सांगितलंय, की तुझं इंजिन त्यांनी तेल लावून झाकून ठेवलंय, काळजी करू नकोस.

तुझी,
इल्वा


नॉर्डिंग्रो, १८ मार्च

प्रिय इल्वा,

इंजिनाला तेल, हेल्गेच्या हातचं! त्याला माझा नमस्कार कळव. तू कळवशीलच.

तुझं दुखणं जुनं आहे. आमच्याकडे ज्याने फोन केला त्याने रिसीव्हर ठेवल्याशिवाय चक्रं मागे फिरत नसत. समोरच्याने कितीही आपटला तरी उपयोग नाही. फोन करणारा रिसीव्हर बाजूला ठेवून गोठ्यात गेला, की दोन्ही लायनी अडकल्या. पण त्याच्याही आधी, मी नवा लागलो तेव्हा, खेड्यापाड्यांचे फोन हाताने जोडत. तिथे सिग्ने नावाची बाई बसायची. बोर्डावर दोन वायरी बराच वेळ लटकलेल्या दिसल्या की ती मधे कान लावायची आणि म्हणायची, "बोलताय का?" उत्तर नाही आलं की दोन्ही वायरी उपटायची. तिने कधी एकाला विचारलं नाही की तुझ्या समोरच्याचं झालं का. ज्याला त्याला वाटत असतं की आपण थांबलोय ते समोरच्यासाठी. म्हणून दोघांपैकी कुणाला विचारायचंच नाही. तिसरा माणूस बसवायचा. एक गेला की दुसऱ्याला सांगायचं, तो गेला, आता तूही ऊठ.

एवढंच. यासाठी इतकी वर्षं शिकलीस ना तू विद्यापीठात?

आता माझ्या घरचं. बंदरावरच्या मंडळींचं पत्र आलंय. जे बोटघर बोटीसाठी वापरात नाही ते रांगेतल्या पुढच्या माणसाला द्यायचं ठरलंय. तीस एप्रिलपर्यंत रिकामं केलं तर आमचं, नाहीतर आत जे असेल ते होळीत. हेल्गेलाही असंच पत्र गेलं असणार. तेव्हा त्याला सांग, येऊन जाळी घेऊन जा. इतकी आवडती आहेत तर.

तुझा काका,
सिक्स्टन


स्टॉकहोम, ७ एप्रिल

प्रिय काका,

सिग्ने कामाला लागली. खरंच, आम्ही त्या भागाचं नावच सिग्ने ठेवलंय. प्रत्येक जोडीवर ती लक्ष ठेवते. एक काम मेलं की दुसऱ्याला निरोप जातो, दुसरंही उठतं, दोन्ही खोल्या रिकाम्या होतात. चाचणी चार दिवस सलग चालली आणि मेमरी जिथल्या तिथे आहे. एव्हर्टला वाटतं हे मला सुचलं. मी दोनदा सांगितलं की काकाचं आहे, तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

बोटघराचं म्हणशील तर बाबा म्हणाले, जाळी सध्या तिथेच राहू देत, मी नंतर बघतो. तू गुडघा घेऊन त्या बर्फात कशाला जातोस? मी बंदरावरच्यांना लिहून मुदत वाढवून मागते. जूनमध्ये मी स्वतः येते आणि दोघांचंही सामान एकटी काढते. तुम्ही दोघांनी यायची काही गरज नाही. खरंच नाही.

तुझी,
इल्वा


नॉर्डिंग्रो, १४ एप्रिल

प्रिय इल्वा,

मुदत बिदत काही मागू नकोस. बर्फ गेला, चिखल आहे. तीस तारखेला सकाळी नऊला मी बोटघरात असेन. हेल्गेला तसं पत्र टाकलंय, दोन ओळींचं. तेरा वर्षांतलं पहिलंच, त्यामुळे पत्ता तीनदा तपासला.

तुला घाम का फुटला आहे ते मला कळत नाही.

काका


स्टॉकहोम, २५ एप्रिल

प्रिय सिक्स्टनकाका,

काल प्रात्यक्षिक झालं. दोन तास, आठशे कॉल एका वेळी, एकही अडकला नाही, एकही आपणहून तुटला नाही. मुद्दाम शंभर कामं मधेच मारली, बाकीच्या कॉलना कळलंही नाही. शेवटी वरचा डायरेक्टर घड्याळ बघत म्हणाला, "हे ठीक आहे, पण ती सफाई कधी सुरू होणार? ती बघायला आलोय." मी म्हटलं, तुम्ही बसल्यापासून काही हजार वेळा झाली. त्याचा चेहरा पडला. एव्हर्टने मागच्या वर्षी सामाईक मेमरीचं दाखवलं होतं, तेव्हा सगळं चार सेकंद ठप्प झालं होतं, ते म्हणे फार प्रभावी वाटलं होतं. शेवटी गट ठेवायचं ठरलं. खोली मात्र बदलली, आता आम्ही कॉफीच्या यंत्राशेजारी बसतो.

हे सगळं मी आधी लिहिलं, कारण पुढचं लिहायला हात वळत नाही. पंधरा दिवस ताकाला जाऊन भांडं लपवतेय.

बाबांनी तुझ्या गुडघ्याची चौकशी केली नाही. इंजिनाला तेलही लावलं नाही. बारा वर्षांत त्यांनी तुला एकही निरोप पाठवलेला नाही, काका. सगळे मी बनवले. ७८ साली नाताळात पहिल्यांदा लिहिलं, "बाबांनी नमस्कार सांगितलाय." तुझं उत्तर नेहमीपेक्षा लांब आलं. मग रविवारच्या फोनवर बाबांना सांगितलं, काकाने नमस्कार सांगितलाय. त्या दिवशी त्यांनी फोन लवकर ठेवला नाही. मला वाटलं, चाललंय ते बरं चाललंय. पण नुसत्या नमस्काराने किती वर्षं भागणार? म्हणून मग जाळी आली. बाबांना ती हवीत असं तुला कळवलं, आणि तुला इंजिन हवंय असं त्यांना. त्यांनी जाळ्यांचं नाव कधी काढलं नाही. तूही इंजिनाचं काढलं नव्हतंस, काढलंस ते मी विचारायला लागल्यावर.

मी पगार घेते तो कशाचा, तर कोणती वस्तू कुणाला खरंच हवी आहे आणि कोणती उगाच पडून आहे हे यंत्राला ओळखायला शिकवायचा. जिला कुणी धरून ठेवलेलं नाही तो कचरा, इतकी सोपी व्याख्या. आणि त्या बोटघरातल्या दोन्ही वस्तूंना तुमच्यापैकी कुणीच धरलेलं नव्हतं. दोन्ही दोऱ्या माझ्या हातात होत्या. बारा वर्षं मीच तो कचरा जिवंत ठेवला आणि तुमचं बोटघर घालवायची वेळ आणली. सिग्नेने वायरी उपटल्या असत्या. मी दोन्ही टोकांना बसून खोटं खोटं बोलत राहिले.

तुम्ही दोघं भेटलात की पहिल्याच वाक्यात हे बाहेर पडणार. आई गेल्यापासून मला रविवारचा फोन आणि तुझी पत्रं एवढंच आहे. दोन्ही एकाच सकाळी जातील, ही भीती मला प्रात्यक्षिकापेक्षा मोठी होती. हे पत्र तीसच्या आत पोहोचलं तर जाऊ नकोस. किंवा जा, पण आधी माझ्याकडून ऐकून जा.

इल्वा


नॉर्डिंग्रो, ३ मे

प्रिय इल्वा,

तुझं पत्र काल आलं. पोस्टमनने ते आधी भलत्याच वाडीवर टाकलं होतं. तेव्हा जे व्हायचं ते तुझ्या मदतीशिवायच झालं.

मी पावणेनऊला पोहोचलो. हेल्गे साडेआठपासून येऊन बसला होता. वेळेच्या आधी पोहोचण्यात मला मागे टाकायची त्याची सवय गेलेली नाही. म्हातारा झालाय. मला पाहून तोही बहुतेक हेच म्हणाला मनात. त्याने एका हातगाडीवर इंजिन चढवलं होतं. मी जाळी ओढत रेघेपर्यंत आणली. खडूची रेघ केव्हाच पुसली गेलीय, पण दोघांनाही ती कुठे होती ते बरोबर ठाऊक होतं.

मी म्हटलं, "तुझी जाळी."

तो म्हणाला, "मला कशाला? सत्तर साली मासेमारी सोडली मी. हे तुझं इंजिन."

मी म्हटलं, माझी होडी तू जाळलीस, मी इंजिन काय सायकलला लावू?

जाळ्यांच्या ढिगाकडे बघत त्याने विचारलं, "तुला केव्हापासून ठाऊक आहे?"

मी खरं ते सांगितलं. दुसऱ्या नाताळापासून. तू लिहिलं होतंस, बाबा म्हणतात काकाने थंडीत जपून राहावं. हेल्गेच्या तोंडून असं वाक्य निघालं असतं तर पाद्रीबुवांनी घंटा वाजवली असती. हेल्गे म्हणाला की त्याला पहिल्याच फोनला कळलं. मी त्याला नमस्कार पाठवला, एवढं ऐकूनच. यातही तो माझ्या एक वर्ष पुढे निघाला आणि ते त्याने दोनदा बोलून दाखवलं.

तेव्हा तुझं गुपित फुटलं नाही, इल्वा. फुटायला ते गुपित असावं लागतं.

मग मी त्याला विचारलं, ठाऊक होतं तर ते गंजकं धूड बारा वर्षं का सांभाळलंस? त्याच्या बाजूला उभं राहायला जागा नव्हती, मी पाहिलं. तो खाली बसला, बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती.

"फेकलं असतं," तो म्हणाला, "तर पोरीला फोनवर बोलायला काय उरलं असतं?"

माझं उत्तर वेगळं नव्हतं. तू मोठी होऊन राजधानीत गेलीस, तिथे शिकलीस, आम्हाला न कळणारी कामं करायला लागलीस. एका म्हाताऱ्या काकाला महिन्यातून एकदा पत्र लिहायला काहीतरी निमित्त लागतं. तुझं निमित्त जाळी होती. मी ती दर वसंतात उन्हात पसरायचो, नाहीतर "नीट आहेत ना" या प्रश्नाला काय लिहिणार?

दुपारी दोघांनी मिळून जाळी होळीच्या ढिगावर टाकली. इंजिन जळत नाही म्हणून भंगारवाल्याला दिलं. संध्याकाळी ढीग पेटला तेव्हा हेल्गे शेजारी उभा होता. गाणी संपल्यावर म्हणाला, तुझ्या त्या होडीतून गवत उगवलं होतं, सिक्स्टन. मी म्हटलं, ठाऊक आहे. यापलीकडे त्या विषयावर बोलण्यासारखं काही निघालं नाही, आणि बाकीच्या विषयांवरही फारसं नाही. तेरा वर्षांत आमच्याकडे काही खास साठलेलं नव्हतं. तो परवाच्या बसने गेला. पुढच्या शनिवारी बोटघराला रंग द्यायला येतोय आणि रंगावरून आमचं भांडण आधीच सुरू झालंय.

तू लिहिलंस की त्या वस्तूंना कुणीच धरलेलं नव्हतं. तुझ्या यंत्रात असेल तसं. इथे दोन माणसांनी धरलेलं होतं, दोन्ही हातांनी, आणि ती माणसं तुला धरून होती. हे तुला मोजता आलं नाही यात तुझी चूक नाही, आम्हीच कुठे दाखवलं?

आता बोटघर रिकामं आहे. विचारायला काही उरलेलं नाही, सांगायला कुणाचा निरोप नाही. तरी लिहीत जा. तुझ्या पत्राची मी वाट बघतो, आणि हे एवढं वाक्य मला बारा वर्षांपूर्वीच लिहिता यायला हवं होतं.

तुझा काका,
सिक्स्टन